खाऱ्या टेकडीची पाहणी

मुलांनो, सात टेकड्या आणि एक नदी असलेल्या एका जंगलात एक खवलेमांजर राहत होतं. नावात मांजर असलं तरी मांजरांशी त्याचं काही नातं नव्हतं. अंगभर कौलांसारखे खवले, तोंडात दात एकही नाही, जीभ मात्र हातभर लांब. वयानं बरंच मोठं झालेलं हे खवलेमांजर साऱ्या जंगलाची लाडकी खवलेमावशी होतं. मावशीची नजर अधू होती. दहा पावलांवर मोर आहे की मोरपंखी झुडूप, हे तिला कळत नसे. पण नाक असं तिखट, की जमिनीखाली कुठे पाणी आहे, कुठे वारूळ आहे आणि कुठे नुसतीच पोकळी आहे, हे ती वरूनच सांगे. एकच खोड होती तिची. कोणी मोठ्यानं बोललं, की ती शेपटी पोटाशी ओढून अंगाचा गोळा करून टाके आणि सगळं शांत होईपर्यंत उलगडत नसे. जंगलातल्या कोणत्याही भांडणात मावशी हजर असे ती गोळ्याच्याच रूपात.

या जंगलाचा राजा होता वाघ. मनानं चांगला, पण स्वभावानं घाईचा. बछडा असताना त्यानं एकदा मावशीला चेंडू समजून उतारावरून गडगडवत नेलं होतं आणि मग घाबरून, "मावशी, तू जिवंत आहेस ना गं?" म्हणत तिच्याशेजारी रडत बसला होता. राजा झाल्यावरही तो दरबारात सगळ्यांना "अरे-तुरे" करी, मावशीशी मात्र जपून बोले.

सात टेकड्यांपैकी एकीला खारी टेकडी म्हणत. तिच्या पोटात खारट माती होती. मुलांनो, तुम्हांला जेवणात मीठ लागतं ना? तसं हरणांना, गव्यांना, भेकरांनाही लागतं. पिढ्यान् पिढ्या ती जनावरं टेकडीच्या पायथ्याशी यायची, उघड्या दरडीला जीभ लावायची आणि तृप्त होऊन जायची. टेकडीच्या मागच्या अंगाला एक झरा होता. नदी-पाणवठे आटले, की साऱ्या जंगलाचं पिण्याचं पाणी तोच.

नदीपलीकडे दुसरं जंगल होतं. तिथं राज्य एका वाघिणीचं. तिच्याकडे ऐन वैशाखातही हिरवं राहणारं मोठं कुरण होतं, पण चिमूटभर खारी माती नव्हती. इकडे उन्हाळ्यात गवत वाळून जाई आणि दरवर्षी कितीतरी पाडसं दगावत. वाघानं विचार केला, 'आपल्याकडे माती आहे, त्यांच्याकडे गवत आहे. देवाणघेवाण केली तर काय बिघडलं?' त्यानं वाघिणीशी बोलणं केलं आणि धोरण ठरवलं. रानडुकरांनी टेकडी खणायची, माकडांनी माती पळसाच्या पानांत बांधायची, गव्यांनी ती पाठीवरून नदीपार पोचवायची. त्याबदल्यात उन्हाळ्याचे दोन महिने आपल्या जनावरांनी तिकडच्या कुरणात चरायचं.

टिटवीनं रानोरान फिरून दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! खारी टेकडी खणली जाणार! पण महाराजांनी तीन शब्द दिलेत. पहिला, माती आधी घरच्यांना आणि मग बाहेर! दुसरा, खणलेला प्रत्येक खड्डा पुढच्या पावसाआधी बुजवणार! तिसरा, ज्याचं घर आड येईल, त्याला दुसरं घर दिल्याशिवाय त्याचं घर हलवणार नाही!"

कामावर देखरेख करायला राजानं कोल्ह्याला कारभारी नेमलं.

तीन वर्षं झाली आणि जंगलात दोन तट पडले. काही म्हणत, "याहून चांगलं काम या जंगलात कधी झालं नाही." काही म्हणत, "टेकडी संपवायला निघालेत, बंद करा हे." पाणवठ्यावर एवढंच बोलणं. शेवटी एका सकाळी गवा आणि रानडुक्कर त्यावरून शिंगाला सुळा लावून उभे राहिले, तेव्हा वाघ वैतागला.

"बास! आता कोणीतरी जाऊन नीट पाहून या. हे धोरण चांगलं की वाईट, त्याचा मला एकदाचा निकाल हवा."

"मी सांगतो ना, महाराज," कोल्हा पुढे झाला. "फार उत्तम चाललंय."

"तू कारभारी. तुझ्या ताकाला तू आंबट म्हणणार नाहीस." वाघानं इकडेतिकडे पाहिलं. गवे माती वाहत होते, डुकरं खणत होती, हरणं कुरणात चरत होती. प्रत्येकाचा पाय कुठे ना कुठे अडकलेला. मग त्याची नजर एका झाडाखालच्या गोळ्यावर गेली. गवा ओरडल्यापासून मावशी तशीच बसली होती.

वाघ जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, तू जाशील?"

गोळ्यातून एक नाक बाहेर आलं. "मी? मला तर धड दिसतही नाही रे बाबा."

"पण जमिनीतलं तुझ्याइतकं कोणाला कळतं? सात दिवस घे. बघ आणि भर दरबारात सांग."

'भर दरबारात' हे शब्द ऐकून मावशीनं नाक पुन्हा आत ओढलं. पण वाघाला नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हाला डोळे मिचकावत ती खाऱ्या टेकडीवर गेली. कोल्हा स्वागताला उभाच होता. "या मावशी, या! हा पाहा ढीग. पहिल्या वर्षी हा भेकराएवढा होता, दुसऱ्या वर्षी सांबराएवढा आणि यंदा? यंदा गव्याच्या वशिंडाच्या वर गेलाय!" ढिगाकडे पाहताना त्याचं शेपूट अभिमानानं फुलून आलं होतं. त्यानं मावशीला ढिगाभोवती तीनदा फिरवलं.

"ढीग छान आहे," मावशी म्हणाली. "बुजवलेले खड्डे कुठे आहेत?"

"ते काय... बुजवायचे आहेत. माणसं... आपलं, डुकरं कमी पडतात हो. पाऊस झाला की हातात घेतो."

"पावसाआधी, असं टिटवी ओरडली होती ना?"

"टिटवी काय, ओरडतच असते," कोल्हा हसला. "मागे नका जाऊ बरं का, मावशी. तिकडे चिखल आहे. तुम्ही घसरून पडाल, आणि महाराज माझी सालटी काढतील."

मावशी त्या दिवशी मागे गेली नाही. ती आधी नदीकाठी गेली. तिथं एक हरिणी आपल्या दोन पाडसांना पाणी पाजत होती. मावशीनं तिला धोरणाबद्दल विचारलं, तशी ती भडाभडा बोलू लागली.

"मावशी, मला चार वर्षांत चार पाडसं झाली होती आणि चारही उन्हाळ्यात गेली. दूधच फुटायचं नाही हो अंगाला. गेल्या दोन उन्हाळ्यांत पलीकडच्या कुरणात राहिले, तर ही दोन्ही जगली. हे मोठं, हे धाकटं. जो कोणी हे धोरण बंद करा म्हणेल ना, त्याला म्हणावं, आधी माझ्या या दोघांच्या तोंडाकडे बघ."

धाकटं पाडस मावशीच्या खवल्यांना नाक लावून हुंगत होतं. मावशीला त्याचा चेहरा धड दिसला नाही, पण त्याचा ऊन श्वास तिला जाणवला. 'खरं आहे हिचं,' ती मनाशी म्हणाली. 'हे विसरून चालणार नाही.'

पायथ्याच्या दरडीपाशी एक म्हातारं भेकर उभं होतं. जुनी चाटायची जागा खणून खणून आत गेली होती आणि तोंडाशी माकडांचे पानांचे भारे रचलेले होते. "आम्हांला कधी मिळते माती?" भेकर म्हणालं. "ढीग गव्यांच्या पाठीवर चढला की खाली सांडते ती. सांडली तर." ते काही चिडलेलं नव्हतं. सांडलेल्या मातीची त्याला सवय झाली होती. मावशीला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी ती टेकडीच्या मागच्या अंगाला गेली. चिखल होता खरा. पण ओला चिखल भर उन्हाळ्यात कुठून आला, हे तिच्या नाकाला कोडं पडलं. ती हुंगत पुढे निघाली, तोच समोर मुंग्यांची एकच पळापळ उडाली. मातीचं एक अर्धवट बांधलेलं वारूळ होतं आणि मुंग्या पिल्लं उचलून वाट फुटेल तिकडे धावत होत्या. धावणारच ना! मावशीचं रोजचं जेवण म्हणजे मुंग्याच की.

"अगं, थांबा, थांबा!" मावशी म्हणाली. "मी जेवायला आलेली नाही. विचारायला आलेय."

"भुकेनं विचारलं काय आणि तोंडानं विचारलं काय, आमच्यासाठी सारखंच!" वारुळाच्या टोकावरून एक म्हातारी मुंगी ओरडली. ती एकटीच पळाली नव्हती.

मावशीनं जरा विचार केला. मग ती जमिनीवर बसली, तोंड घट्ट मिटलं आणि दोन्ही पंजे नाकापुढे धरून ओठांच्या फटीतून बोलली, "हे बघ. जीभ आत आहे. महाराजांच्या कामावर आहे मी. तुमचं काय झालं, ते सांग."

म्हातारी मुंगी वारुळाच्या टोकावरून दोन पावलं खाली उतरली. एवढ्या मोठ्या जनावरानं आपल्याला काही विचारावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"आमचं काय होणार? हे तिसरं वारूळ," ती म्हणाली. "पहिलं खणून काढलं. नवी जागा देतो म्हणाले. वाट पाहून आम्हीच दुसरं बांधलं. ते परवाच्या अमावास्येला उकरलं. हेही उकरतील. पण ते राहू दे. आम्ही लहान, पुन्हा बांधू. तुम्ही लोक पाणी कुठलं पिणार?"

"म्हणजे?"

"टेकडीच्या पोटात चिकणमातीची एक भिंत आहे. तिच्या एका अंगाला खारी माती, दुसऱ्या अंगाला झरा. पुढची सुकी माती खणायला जड जाते, ढीग तर दरवर्षी मोठा हवा, म्हणून डुकरं इकडच्या ओल्या, मऊ बाजूला वळली. खणत खणत भिंतीला भिडलीत. आता ती भिंत तुझ्या शेपटीएवढीच जाड उरलीय. एक पावसाळा, फार तर दोन. मग झरा खड्ड्यात उतरेल. गोडं पाणी एकदा खारट झालं, की झालं."

मावशीच्या अंगावरचे खवले शहारले. "तुला कसं ठाऊक?"

"आम्ही त्या भिंतीतच राहत होतो," मुंगी म्हणाली.

मावशीनं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. ती स्वतः खड्ड्यात उतरली, पुढचे पंजे रोवले आणि थोडंसं खणून पाहिलं. माती गार लागली. पलीकडे पाणी झुळझुळत होतं, जणू कोणी शेजारच्या खोलीत कुजबुजत असावं. तिनं पंजा चाटला. ओल खारट होती. म्हणजे भिंत झिरपायला लागलीच होती.

बाहेर येताना एक रानडुकरीण भेटली. तोंड चिखलानं भरलेलं. मावशीनं तिला विचारलं, "तुम्हांला कळलं नव्हतं का गं?"

"कळलं होतं. पाय ओले होतात की रोज," डुकरीण म्हणाली. "पण कारभारी विचारतात ते एवढंच, ढीग केवढा झाला? पायाचं कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. मावशी, आधी आम्ही खणलं की सगळे हाकलायचे. आता खणलं की शाबासकी मिळते. ती सोडवत नाही हो."

सहाव्या दिवशी संध्याकाळी कोल्हा मावशीच्या बिळापाशी आला. मावशी मागे जाऊन आल्याचं त्याला कळलं होतं.

"मावशी, तुम्ही फार दमलात," तो गोड आवाजात म्हणाला. "नदीच्या वळणावर एक जुनं, भरलेलं वारूळ आहे. माझ्या माहितीतलं. तुमच्याच नावानं राखून ठेवतो, म्हातारपणी हिंडायला नको. उद्या तेवढं चांगलं चांगलं सांगा. महाराज खूश आहेत, हरणं खूश आहेत. चार खड्ड्यांपायी कशाला सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतायचं?"

"पाणी राहिलं तर ओतणार ना, कारभारी," मावशी म्हणाली. "झऱ्याकडची भिंत तुम्ही पाहिलीत का?"

कोल्ह्याचं शेपूट खाली आलं. "ढीग लहान झाला तर महाराज मला काय म्हणतील?" तो एकदम हळू बोलला. त्या आवाजात लबाडी नव्हती, भीती होती. "दरवर्षी मोठा करत आलो मी. आता लहान कसा करू?" आणि उत्तर न ऐकताच तो निघून गेला.

सातव्या दिवशी दरबार भरला. वडाखाली सगळं जंगल लोटलं होतं. वाघ शिळेवर बसला. मावशी मधोमध उभी राहिली. तिनं हरिणीपासून सुरुवात केली. पाडसं कशी जगली, उन्हाळा कसा निभावला, डुकरांना कसा मान मिळाला, ते तिनं सांगितलं. हे सगळं खरंच होतं.

"ऐकलंत?" कोल्हा उडी मारून पुढे आला. "मावशीही हेच म्हणतात! धोरण उत्तम!"

आणि मग काय विचारता! हरणं नाचू लागली, माकडांनी फांद्या हलवल्या, गव्यांनी खुर आपटले. वाघ आनंदानं शिळेवर उभा राहिला आणि त्यानं डरकाळी फोडली. "मग ठरलं! यंदा आणखी दोन टेकड्यांत खारी माती शोधून खणू! ढीग दुप्पट, कुरण दुप्पट!"

त्या गदारोळात मावशीच्या तोंडून "पण..." एवढाच शब्द निघाला आणि तो कोणीच ऐकला नाही. डरकाळी तिच्या कानांवर आदळली मात्र, तिनं शेपटी ओढली आणि ती मिटली.

आत अंधार होता. तिच्याच पोटाची ऊब होती. बाहेरचा कल्ला दुरून आल्यासारखा वाटत होता. 'बरं झालं,' तिच्या मनात आलं. 'निम्मं तरी सांगितलं मी. खोटं तर काही बोलले नाही.' पण मनाला ते पटेना. तिला त्या पाडसाचा ऊन श्वास आठवला. उद्या त्याच पाडसाला त्या झऱ्यावर तोंड लावून तसंच तहानलेलं परतावं लागलं तर? बाहेर टिटवी नवी दवंडी घोकू लागली होती. दरबार उठत होता. मावशीला उलगडायचं होतं, पण अंग ऐकत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय ती.

तेवढ्यात तिच्या कानापाशी, दोन खवल्यांच्या फटीत, काहीतरी गुदगुल्या करत आत शिरलं.

"मावशी," एक बारीक आवाज आला. ती म्हातारी मुंगी होती. आजवर एकाही मुंगीनं तिला मावशी म्हटलं नव्हतं. "मावशी, मी कितीही ओरडले तरी या दरबारात कोणाला ऐकू जाणार नाही. तुझा आवाज जातो. तू मिटलीस, तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

मुंगी आपल्या पायांनी चालत खवलेमांजराच्या तोंडापाशी आली होती. मावशीनं मोठा श्वास घेतला. आधी शेपटी सुटली, मग पाठ, मग मान. ती शिळेच्या अगदी पायथ्याशी गेली.

"महाराज! माझं निम्मंच बोलून झालंय."

सगळे वळून पाहू लागले. मावशीला एवढ्या मोठ्यानं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

"आता काय राहिलं?" वाघाच्या कपाळाला आठी पडली. "मी एवढंच विचारलं होतं, धोरण चांगलं की वाईट? एका शब्दात सांग."

"एका शब्दात खोटंच सांगता येईल, बाळा," मावशी म्हणाली. राजाला भर दरबारात ती 'बाळा' म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. "पाडसं जगली, ते खरं. म्हणून हे बंद कर असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या नावानं टिटवीनं तीन शब्द दिले होते. घरच्यांना माती आधी मिळायची होती, ती सांडेल तेवढीच मिळते. खड्डे बुजवायचे होते, एकही बुजला नाही. घर दिल्याशिवाय घर हलवायचं नव्हतं, मुंग्यांचं दोनदा हललं. आणि ज्याचं नाव दवंडीत आलंच नाही, तो झरा हातचा चाललाय. मागची भिंत माझ्या शेपटीएवढी उरलीय."

"मावशींना दिसत नाही, महाराज!" कोल्हा घाईनं म्हणाला. "त्यांना कुठे खड्डा, कुठे झरा, काय कळणार?"

"मला दिसत नाही, हे खरं आहे," मावशी शांतपणे म्हणाली. "ज्यांना दिसतं त्यांनी जाऊन बघावं."

वाघाला आयाळ नसली तरी मानेवरचे केस ताठ झाले. आता हा रागावणार, म्हणून माकडं वरच्या फांद्यांवर गेली. पण वाघ शिळेवरून खाली उतरला आणि थेट टेकडीकडे चालू लागला. सगळं जंगल त्याच्यामागून निघालं.

मागच्या अंगाला जाऊन त्यानं ते उघडे खड्डे पाहिले. एकापुढे एक, जणू टेकडीला कोणी चावे घेतले होते. मग तो झऱ्यावर गेला आणि वाकून पाणी प्यायला. प्यायला आणि थांबला. पुन्हा एकदा जीभ लावली. खारटपणा अगदी थोडा होता, जेमतेम कळण्याजोगा. पण होता.

"हे केव्हापासून आहे?" त्यानं विचारलं.

"पाय ओले होऊ लागल्यापासून," डुकरीण मान खाली घालून म्हणाली.

वाघ कोल्ह्याकडे वळला. वाघानं पंजा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"दरवर्षी तुला विचारत होतो, ढीग केवढा," तो म्हणाला. "झरा कसा आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक तुझी आहेच. पण पहिली माझी." मग तो मावशीपाशी येऊन खाली बसला. "मावशी, आता काय करू?"

"आधी भिंत," मावशी म्हणाली.

मग साऱ्या जंगलानं कंबर कसली. नदीकाठची चिकणमाती माकडांनी आणली, गव्यांनी ती तुडवून तुडवून लोण्यासारखी केली, डुकरांनी मुस्कटांनी ती भिंतीवर थापली. कुठे फट राहिली, हे मुंग्या शोधून देत. मागच्या बाजूचं खणणं कायमचं थांबलं. खड्डे बुजवायचं काम राजानं कोल्ह्यालाच दिलं. पहिले काही दिवस तो तोंड पाडून होता. पण पावसानंतर बुजवलेल्या खड्ड्यांवर कोवळं गवत आलं, तेव्हा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागला, "हे पाहा, कुठे खड्डा होता, ओळखून दाखवा!" शेवटी कोल्हा तो कोल्हाच. पण फुशारकी मारायची, तर ती चांगल्या कामाची मारायला आता तो शिकला होता.

मुंग्यांना झऱ्याच्या वरची पक्की जागा मिळाली. मावशीला त्या बाजूनं जायचं असलं, तर ती वळसा घेऊन जाई. "उगाच माझ्या जिभेची परीक्षा कशाला?" ती म्हणे.

ढीग मात्र निम्म्यावर आला आणि खरी अडचण तिथं होती. वाघ स्वतः नदीवर गेला आणि पलीकडच्या वाघिणीला त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"माती निम्मी, तर कुरणाचे दिवसही कमी होतील," ती म्हणाली. "माझ्याकडच्यांनाही मला तोंड दाखवायचं आहे. पण करार मोडत नाही मी. एक वर्ष खूप आणि पुढे काहीच नाही, त्यापेक्षा थोडं पण दरवर्षीचं, हे मला परवडेल."

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात हरणांना कुरणातून पंधरा दिवस आधीच परतावं लागलं. वाळकी पानं खाऊन दिवस काढताना पोटं खपाटीला गेली. पाडसं कशीबशी तगली, पण हरिणी मावशीवर फार रागावली. वाटेत भेटली तरी मान वळवून जाई. "तुम्हांला सगळं सांगितलं मी," ती एकदा म्हणाली, "आणि तुम्ही आमचंच गवत कमी केलंत." मावशीला वाईट वाटलं, पण ती मिटली नाही. हरिणी दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. राजानं मात्र दरवर्षी तिलाच पाहणीला पाठवायचा नेम ठेवला आणि दवंडीत झऱ्याचा चौथा शब्द घातला.

पुढे तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. आसपासच्या साती टेकड्यांत जेवढे पाणवठे होते, ते एकेक करून आटले. नदीची वाळू उघडी पडली. पलीकडच्या जंगलातली जनावरंही नदी ओलांडून आली, त्यांच्यामागोमाग वाघीणही आली. साऱ्या मुलखात एकच झरा वाहत होता, खाऱ्या टेकडीमागचा. धार बारीक होती, पण निर्मळ आणि गोड होती. वाघानं कोणालाच अडवलं नाही. सगळे रांगेनं पाणी पिऊ लागले.

रांगेच्या अगदी शेवटी, उन्हात डोळे मिचकावत, खवलेमावशी उभी होती. पुढे हरिणीची पाळी आली. तिची दोन्ही पाडसं आता उंच, शिंगाळ झाली होती आणि या वर्षीचं नवं तिच्या पायांत घुटमळत होतं. तिनं पाण्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. आणि पाण्याला तोंड न लावता ती बाजूला झाली.

"मावशी," तिनं हाक मारली, "पुढे या. आधी तुम्ही."

तात्पर्य : धरतीच्या पोटातलं धन काढताना ढीग केवढा झाला, एवढंच पाहू नये, मागे काय उरलं आणि दिलेला शब्द किती पाळला, तेही पाहावं. आणि पाहणाऱ्यानं निम्मं सांगून थांबू नये.